पापणी लवते न लवते तोच

कवड्या खंड्या पाण्यावर चार-पाच मीटर उंचीवर एकाच जागी पंख मारत थांबतो, तेव्हा त्याचं सगळं अंग थरथरत असतं. पंखांच्या जागी नुसती काळी-पांढरी धूसर हालचाल दिसते, शेपटी उघडमीट करते, वाऱ्याची झुळूक आली की धड जरासं इकडे-तिकडे सरकतं. डोकं मात्र हलत नाही. नुसत्या डोळ्यांना हे जाणवतं, पण खरं वाटत नाही. कॅमेऱ्याने सेकंदाला २० फ्रेम या वेगाने त्याला टिपलं आणि त्या फ्रेम संगणकावर एकामागून एक पळवल्या, की मग पटतं. पंख वर, पंख खाली, पंख मागे, धड तिरकं, धड सरळ. आणि या सगळ्या गोंधळात तो काळाभोर डोळा पडद्यावरच्या जवळपास एकाच जागी खिळलेला.

हे जमतं मानेमुळे. माणसाच्या मानेत ७ मणके असतात (जिराफाच्याही ७च, फक्त लांबलचक). पक्ष्यांच्या मानेत जातीनुसार १३ ते २५. कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून धड कुठे झुकतंय याची खबर येते आणि मान तेवढीच उलटी वळून हिशेब चुकता करते. डोकं स्थिर राहिलं तरच डोळ्यातलं पाण्याचं चित्र स्थिर राहणार, आणि ते स्थिर राहिलं तरच त्यात हलणारी एकमेव गोष्ट, म्हणजे मासा, वेगळी दिसणार. लेन्समध्ये आणि कॅमेऱ्यात हात हलण्यावर उतारा म्हणून जी स्थिरीकरणाची सोय दिलेली असते, तिच्यावर कंपन्यांनी कितीतरी वर्षं खर्च केली. खंड्याकडे ती घरचीच आहे.

मग तो पंख मिटतो आणि कोसळतो.

इथून पुढचं गणित शाळेतलं आहे. पाच मीटरवरून नुसती पडणारी कुठलीही वस्तू साधारण एका सेकंदात खाली पोचते आणि पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर झालेला असतो. समजा पक्षी आपल्यापासून २५ मीटरवर आहे आणि हातात ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर या अंतरावरून उभं दिसतं जेमतेम १.२ मीटर. म्हणजे पाण्यालगतची चौकट पार करायला खंड्याला लागतो ०.१२ सेकंद. सेकंदाला २० फ्रेम घेणारा कॅमेराही तेवढ्या वेळात दोनच फ्रेम काढतो. आणि आपण? डोळ्याने पाहिलं, मेंदूला कळलं, बोटाने बटण दाबलं, एवढ्याला ०.२ सेकंद तरी लागतातच.

खोटं वाटत असेल तर घरात करून पाहा. कुणालातरी पाचशेची नोट उभी धरायला सांगा, आपली चिमूट नोटेच्या मध्यावर, न टेकवता उघडी ठेवा आणि त्याने सोडली की पकडा. नोट १५ सेंटिमीटर लांब असते, तिचा अर्धा भाग चिमटीतून निसटायला सुमारे ०.१२ सेकंद लागतो. खंड्याच्या शेवटच्या टप्प्याला लागतो तेवढाच. नोट निसटते. दर वेळी निसटते. आणि चुकून सापडलीच, तर समजायचं की पकडणाऱ्याने नोट सुटायच्या आधीच बोटं मिटायला घेतली होती.

पाणपक्ष्यांच्या क्षणचित्रांचं सगळं शास्त्र आणि सगळी कला या शेवटच्या वाक्यात आहे. डोळ्यांनी पाहून बटण दाबणाऱ्याला फक्त उसळलेलं पाणी मिळतं. मासा चोचीत आडवा धरून, थेंबांची झालर ओढत वर येणारा पक्षी ज्याला मिळतो, त्याने बटण आधी दाबलेलं असतं, किंवा त्याच्या कॅमेऱ्याने त्याच्या वतीने दाबलेलं असतं.

यंत्राची बाजू आधी सांगतो, कारण तिची सुरुवात फार गमतीची आहे. १८८२ साली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बंदूक बनवली. दस्ता, चाप, नळी, सगळं बंदुकीचंच. फक्त नळीत लेन्स आणि काडतुसांच्या जागी फिरणारी काचेची प्लेट. चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रं निघत, प्रत्येक चित्र एका सेकंदाच्या ७२०व्या भागात. कल्पना त्याने उचलली होती ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञाकडून. जान्सेनने १८७४ साली सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र टिपायला असंच एक फिरत्या चकतीचं ‘रिव्हॉल्व्हर’ केलं होतं. (हाच जान्सेन १८६८ च्या खग्रास ग्रहणाला आपल्याकडे गुंटूरला येऊन गेला होता.) जान्सेनचा शुक्र मुंगीच्या पावलांनी चालत होता, मारेला हवे होते उडते पक्षी. नेपल्सच्या किनाऱ्यावर त्याने ही बंदूक समुद्रपक्ष्यांवर रोखली. पुढे एकाच प्लेटवर उडत्या पेलिकनच्या एकामागून एक अवस्था उमटवल्या आणि १८८७ साली तर एका कुरव पक्ष्याच्या उड्डाणातले टप्पे चक्क कांस्यात ओतवून घेतले. पंख खाली येताना नुसता खाली येत नाही, पुढेही झेपावतो, ही गोष्ट तोवर वादाची होती. मारेच्या प्लेटवर ती सरळ दिसू लागली. पाणपक्ष्यांचं क्षणचित्रण जन्मलं ते असं, प्रयोगशाळेच्या गरजेतून. सुंदर फोटो हवेत म्हणून नव्हे.

आज साधारण ऐपतीचा कॅमेराही मारेच्या बंदुकीला मागे टाकतो. सेकंदाला १०, २०, ३० फ्रेम. २०२३ साली जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्रीमध्ये १२०. पण माझ्या मते गेल्या काही वर्षांतली खरी उडी वेगाची नाही. ऑलिंपसने २०१६ साली आपल्या एका कॅमेऱ्यात ‘प्रो कॅप्चर’ नावाची सोय दिली, ती खरी उडी. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा गुपचूप फ्रेम घेत राहतो आणि जुन्या फेकून देत राहतो. आपण बटण पूर्ण दाबलं की त्या क्षणाआधीच्या काही फ्रेम तो फेकायचं थांबवतो आणि कार्डावर उतरवतो. म्हणजे आपल्याला व्हायचा तो उशीर होतोच, पण कॅमेऱ्याला तो आधीच ठाऊक असतो. फांदीवरून सुटणारा खंड्या, पाण्यावरून उठणारा बगळा, हे सगळं आता ‘घडून गेल्यावर’ टिपता येतं. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. लेन्स कुठे रोखायची हे त्या कॅमेऱ्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.

बाकीची यंत्रं आपापली कामं करतात. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारी प्रणाली २०२० नंतरच्या कॅमेऱ्यांत सर्रास दिसते, आणि तिने फुकट जाणाऱ्या फ्रेमचं प्रमाण फार कमी केलं. सेन्सर वरून खाली ओळी-ओळीने वाचला जातो, त्यामुळे मूक शटरवर पंख कधीकधी वाकडे, मेणाचे असल्यासारखे येत. सेन्सर जलद झाले तसा तो दोषही मागे पडत चालला आहे.

वेगाचं गणित मात्र अजून तसंच आहे, आणि ते समजून घेण्यात मजा आहे. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, ताशी ५४ किलोमीटरने समोरून आडवा जातोय असं धरा. सेकंदाला १५ मीटर. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून ४० मीटरवर आपल्याला आडवं दिसतं २.४ मीटर. सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतील तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.४ मिलिमीटर रोहित येतो. शटर एक हजारांश सेकंद उघडं राहिलं तरी तेवढ्यात पक्षी १५ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे सदतीस-अडतीस पिक्सेलवर फराटा. अडीच हजारांश सेकंदाला हा फराटा १५ पिक्सेलवर येतो. कमी झाला, पण गेला नाही. तो घालवायचा तर कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने, पक्ष्याबरोबर वळला पाहिजे. यालाच पॅनिंग म्हणतात आणि ते अंगात मुरायला वेळ लागतो, कारण वळायचं असतं कमरेतून; नवखा माणूस हातातून वळतो. एकदा ते जमलं की शटर मुद्दाम तिसांश-साठांश सेकंदापर्यंत खाली आणून पाहावं. डोकं कोरीव, पंखांचे गुलाबी पट्टे पाण्यावर ओघळलेले. पक्षी जागच्या जागी गोठवण्यापेक्षा त्याचा वेग त्याच्यापाशी राहू देणारी ही चित्रं मला जास्त खरी वाटतात. शंभरातली नव्वद फुकट जातात, हा भाग वेगळा.

दुसरं गणित खोलीचं. याच लेन्सने, एफ ६.३ वर, २५ मीटरवरच्या पक्ष्यावर फोकस धरला तर स्पष्ट दिसणारा पट्टा असतो साधारण ६५ सेंटिमीटर. चित्रबलाकाच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास. आडव्या उडणाऱ्या चित्रबलाकाचा अलीकडचा पंख एका टोकाला, पलीकडचा दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकदम रेखीव येणं शक्यच नाही. म्हणून सगळा जीव डोळ्यावर ठेवायचा. पंखाचं टोक धूसर आलं तर कुणी विचारत नाही, डोळा धूसर आला की फोटो मेला.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर त्या फ्रेम मोठ्या करून पाहताना मिळतं. आपल्या आणि पक्ष्याच्या मधे जो पाव सेकंद आहे, त्यात भलतंच काही घडत असतं.

चित्रबलाक झाडावर उतरतानाची मालिका घ्या. भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावात बाभळींवर त्यांची वसाहत भरते, तिथे ही संधी भरपूर. पक्षी पाय पुढे सोडतो, पंख उभे करतो, वेग मारतो. डोळ्यांना इतकंच दिसतं. फ्रेममध्ये दिसतं की पंखाच्या पुढच्या कडेला, जिथे आपल्या हाताचा अंगठा असेल तिथे, तीन-चार पिसांचा एक लहानसा झुपका ताठ उभा राहिला आहे. एरवी तो पंखात मिसळून गेलेला असतो, शोधूनही सापडत नाही. पंख खूप तिरका झाला की वरून वाहणारी हवा पंखाचा पृष्ठभाग सोडू लागते आणि पक्षी दगडासारखा पडायची वेळ येते; हा अंगठ्याचा झुपका हवेला पुन्हा पंखाला चिकटवून धरतो. विमान उतरताना पंखाच्या पुढच्या कडेची पट्टी सरकून बाहेर येते, तिचं काम हेच. आणखी बारकाईने पाहिलं तर पंखाच्या वरच्या बाजूची मऊ पिसं उलटी उठलेली दिसतात. ती पक्ष्याने उचललेली नसतात. तिथे हवा उलटी फिरायला लागली आहे आणि तिने ती उचलली आहेत. न दिसणारी हवा फोटोत दिसते ती अशी, पिसांच्या केसाळ कडांवरून.

खंड्याच्या बुडीत डोळ्याकडे पाहावं. हवेतल्या फ्रेममध्ये डोळा काळा, चमकदार, त्यात सूर्याचा ठिपका. पाण्याला चोच लागते त्या सुमाराच्या फ्रेममध्ये तोच डोळा दुधाळ, निळसर झालेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पक्ष्याला मोतीबिंदू झालाय किंवा फोटो बिघडलाय. ती तिसरी पापणी. आडवी सरकते, डोळ्यावर ओढली जाते आणि बाहेर आल्यावर मागे जाते. आपल्याही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाकडच्या बाजूला एक छोटी गुलाबी घडी असते, ती या पापणीचाच उरलेला अवशेष. आपल्याकडे ती डोळा झाकत नाही.

बगळ्याचं कोडं वेगळं आहे. पाण्यातला मासा असतो तिथे दिसत नाही. प्रकाश वाकतो, आणि सरळ वरून पाहिलं तरी खोली पाऊणपटच भासते. तिरकं पाहिलं तर फसवणूक आणखी वाढते. बगळा जवळपास नेहमीच तिरकं पाहतो. तरीही त्याचा वार लागतो. गादी काट्झिर आणि नेथन इंट्रेटर या इस्रायली संशोधकांनी १९८७ साली रीफ हेरॉनवर (हा बगळा आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो) केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रीकरणातून त्यांनी दाखवलं की वार करण्याआधी पक्षी डोकं अशा जागी आणतो, जिथून माशाची भासणारी खोली आणि खरी खोली यांचं नातं ठरावीक राहतं. वार भासणाऱ्या माशाच्या रोखाने जात नाही, खऱ्या माशाच्या रोखाने जातो. वंचक तळ्याकाठी मान हळूच पुढे काढतो, किंचित डावीकडे नेतो, थांबतो, पुन्हा मागे घेतो, तेव्हा लोकांना वाटतं तो टंगळमंगळ करतोय. तो भूमिती करत असतो.

आणि रोहित. चिखलात मान उलटी घालून शांतपणे चरणारा पक्षी, असं त्याचं चित्र आपल्या मनात ठसलेलं आहे. व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेझ आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली चिलीच्या जातीच्या रोहितांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात जलदगती चित्रणाने हे ‘शांत’ चरणं उघडं पाडलं. पक्षी पाण्यातून डोकं झटक्याने सरळ वर ओढतो आणि त्यासरशी पाण्यात भोवरा उठतो. पायांनी चिखल तुडवून तळाचा गाळ उचलतो. चोचीची टोकं सेकंदाला साधारण १२ वेळा आपटतो. या सगळ्यांनी बारीक जीव भोवऱ्यात सापडून चोचीकडे खेचले जातात. वर सगळं शांत दिसत असतं, आणि खाली सापळा चालू असतो.

आता दुसरी बाजू, यंत्राशिवायची. पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्याचं पाणी इंदापूर तालुक्यात पसरलं आणि पळसदेवसारखी गावं त्याखाली गेली. पाणी फारच उतरलं की तिथलं जुनं देऊळ अजून डोकं वर काढतं. या फुगवट्याच्या काठावर कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमार आता पक्षी दाखवायला होड्या नेतात. लाखाचा कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला यांच्याकडून जे शिकायला मिळतं, ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नसतं.

“सर, आता तयार राहा. शिटला की उडतोय बघा.”

काठावरच्या बुंध्यावर बसलेला मोठा पक्षी अर्धा तास हललेला नसतो. मग तो पुढे कलतो, विष्ठेची पिचकारी मारतो, पाय किंचित दुमडतो आणि उडतो. दर वेळी नाही, पण इतक्या वेळा की होडीवाल्याचा शब्द मानावा. पक्ष्यांच्या उडण्याच्या अशा कितीतरी सूचना असतात. बदकं एकाएकी चरायचं थांबवून माना उंचावतात आणि डोकी झटकू लागतात. बसलेला खंड्या डोकं वर-खाली करून अंतर जोखतो. रोहितांचा थवा आधी दाटतो, मग एका दिशेला चालू लागतो, चाल भरभर होते, आणि मग पाण्यावर धावत धावत, पावलांचे चट्टे मागे सोडत ते उठतात. वारकरी पक्षी तर उडण्यापेक्षा पाण्यावर पळणंच जास्त करतात.

यात वारा सगळ्यात मोठा. पाणपक्षी उडतात आणि उतरतात ते वाऱ्याकडे तोंड करून, विमानासारखेच आणि त्याच कारणाने. म्हणून जाणता फोटोवाला होडीत बसल्यावर आधी वारा पाहतो. ज्या सकाळी वारा पूर्वेचा असेल त्या सकाळी सूर्यही पाठीशी, वाराही पाठीशी. पक्षी उठतो तो सरळ आपल्याकडे, चेहऱ्यावर ऊन घेऊन. वारा पश्चिमेचा झाला की सकाळभर पाठमोरे फोटो. पक्षी कुठे आहे यापेक्षा तो कुठे तोंड करून उठेल, हे ज्याला आधी कळलं त्याचा पाव सेकंद वाचला.

मासा धरल्यानंतरची वाट पाहणं हाही असाच शहाणपणा. तिरंदाज, म्हणजे डार्टर, पाण्याखाली मासा भोसकतो. त्याच्या मानेच्या मधल्या मणक्यांची रचनाच अशी की मान दुमडून सटकन सुटते. पण हा वार पाण्याखाली होतो, तो दिसतच नाही. दिसतं ते पुढचं. चोचीला टोचलेला मासा तसा गिळता येत नाही. तो सोडवायचा, हवेत उडवायचा आणि डोक्याकडून गिळायचा, म्हणजे पर आणि काटे घशात अडकत नाहीत, अंगालगत मिटतात. तेव्हा तिरंदाज मासा घेऊन वर आला की नवखा फोटोवाला भराभर फ्रेम मारतो आणि मासा हवेत उडतो त्याच क्षणी कॅमेऱ्याची साठवण भरून तो अडकतो. मुरलेला माणूस बोट आवरून धरतो. पाणकावळा, बगळा, सुरय, सगळ्यांनाच मासा फिरवावा लागतो. ऑस्प्रे, म्हणजे मीनखाई घार, तर उडतानाही मासा तोंड पुढे करून धरते. तिचं एक बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते, आणि तळव्याला खरखरीत काटे असतात. शिकार घेऊन जाणाऱ्या ऑस्प्रेचा फोटो मिळाला तर आधी तो पाय मोठा करून पाहावा.

होडीचा आणखी एक फायदा: डोळा पाण्यालगत येतो. बंधाऱ्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यात ठेवलेल्या वस्तूसारखा दिसतो. त्याच्या उंचीवर आलो की पलीकडचा काठ दूर, मऊ होतो आणि पक्षी सुटा उठून दिसतो. पाण्याची पातळीही पाहावी लागते. शेतीसाठी आवर्तनं सुटत जातात, पाणी उतरतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात तसे रोहित जमतात. एखाद्या वर्षी पाणी उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर तेही उशिरा येतात. ठाण्याच्या खाडीत हेच काम रोज दोनदा भरती करते. पाणी चढतं तसे चिखलावर विखुरलेले पक्षी काठाकडे सरकतात, आणि शिवडी-ऐरोलीकडचे जाणकार म्हणूनच घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक पाहतात.

उजेडाचं एकच सांगतो. पांढरा बगळा आणि मागे काळं पाणी, ही चौकट कॅमेऱ्याला चकवते. त्याला वाटतं अंधार आहे, तो चित्र उजळतो आणि बगळ्याची पिसं जळून कोरा पांढरा आकार उरतो. एक्स्पोजर एखाद-दुसरा स्टॉप खाली ओढून ठेवायचा. जळलेलं पांढरं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आता रागाची गोष्ट. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी सरळ थव्यात घालायला सांगणारे पाहुणे असतात, आणि कुरवांना शेव-फरसाण फेकून त्यांना लेन्ससमोर नाचवणारेही. त्या थव्यातला पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, हिमालय ओलांडून इथे आलेला असतो. उपग्रहाने माग ठेवलेल्या पट्टकादंबांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे, आणि तो तिथेही बहुतेक वेळ पंख मारूनच उडतो, घारीसारखा तरंगत नाही. त्याने दिवसभर जमवलेलं बळ आपल्या एका ‘ॲक्शन शॉट’साठी उधळायला लावणं हे मला चोरीपेक्षा वेगळं वाटत नाही. शिवाय तो फोटोही वाईटच येतो. घाबरून उठलेले पक्षी पाठ करून उठतात. सगळ्यांच्या शेपट्या एका रांगेत. फोटो पाहून सांगता येतं की थवा स्वतःहून उठला की उठवला.

एक लबाडी आपण सगळेच करतो, तिच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. प्रदर्शनात, दिनदर्शिकेत, मासिकात खंड्याच्या चोचीत मासा असतोच. प्रत्यक्षात कितीतरी बुड्या रिकाम्या जातात. सुरय सहा वेळा खाली येऊन सहाही वेळा ऐन पाण्यावरून वळून जातो. त्या फ्रेम आपण संध्याकाळीच पुसून टाकतो, आणि मग लोकांना वाटतं पक्षी चुकत नाहीत. खरं तर त्या रिकाम्या फ्रेममध्ये वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदलेली असते. कुठल्या वाऱ्यात, किती वाजता, किती बुड्या फसल्या, हे त्यातून मोजता येईल. अभ्यासकाला ती पुसलेली फ्रेम जास्त कामाची.

अशीच एक टाकाऊ फ्रेम म्हणजे पाठमोऱ्या पट्टकादंबाची. उजेड सपाट, पक्षी दूर, डोकं वळलेलं. कुठल्याच स्पर्धेत जाणार नाही. पण मोठी करून पाहिली आणि मानेभोवती रंगीत पट्टा दिसला, त्यावरची अक्षरं वाचता आली, तर ती कार्डावरची सगळ्यात मोलाची फ्रेम. मंगोलियातल्या सरोवरांवर अभ्यासकांनी असे पट्टे घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर ओळखले गेले आहेत, ते अशाच फोटोंवरून. अक्षरं, तारीख आणि जागा कळवली की उलट टपाली समजतं, हा पक्षी कुठल्या तळ्यावर, कुठल्या उन्हाळ्यात, पिसं झडून उडता येत नसताना पकडला गेला होता. भिंतीवर लावायला मात्र तो फोटो कुणी मागत नाही. त्यात शेपटीच मोठी आलेली असते.